जॉन डिंगेल : समितीच्या खुर्चीतली ताकद

अमेरिकी प्रतिनिधिगृहाची मुदत जेमतेम दोन वर्षांची. तरीही मिशिगनचे डेमोक्रॅट जॉन डिंगेल तिथे डिसेंबर 1955 ते जानेवारी 2015, म्हणजे 59 वर्षं टिकले. अमेरिकी काँग्रेसमधला, म्हणजे तिथल्या संसदेतला, हा विक्रम आहे. वडील 1933 पासून खासदार होते. ते वारल्यावर पोटनिवडणूक मुलाने जिंकली, वय 29. त्यांच्यानंतर पत्नी डेबी निवडून आल्या. घराणेशाहीचा मक्ता काही आपल्याकडेच नाही.

सत्ता मात्र नुसत्या खासदारकीत नव्हती. 1981 ते 1994 ते ऊर्जा व वाणिज्य समितीचे अध्यक्ष होते. वीज, तेल, दूरसंचार, औषधं, हवेचं प्रदूषण यांची विधेयकं याच समितीकडे यायची, आणि अध्यक्षाने विषयच पटलावर घेतला नाही की विधेयक तिथेच कुजायचं. आपल्याच राज्यातल्या डेट्रॉइटच्या मोटारउद्योगासाठी त्यांनी गाड्यांच्या धुरावरचे कडक नियम जवळजवळ दशकभर असेच अडवले. 1990 चा स्वच्छ हवा दुरुस्ती कायदा तडजोडीनंतरच झाला. गंमत म्हणजे 1973 च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्यामागेही हेच गृहस्थ होते.

दुसरं हत्यार चौकशीचं. सरकारी खात्याला नेमके प्रश्न आणि उत्तराची मुदत घालून दिलेलं पत्र जायचं. वॉशिंग्टनमध्ये त्याला ‘डिंगेलग्राम’ म्हणत. पुढची पायरी शपथेवर साक्ष. विषारी कचरा सफाईच्या निधीवरून 1983 मध्ये सरकारी पर्यावरण संरक्षण संस्थेच्या प्रमुख ॲन गोर्सच यांना पद सोडावं लागलं, त्या चौकशांत डिंगेल यांची उपसमितीही होती. पण हा दांडपट्टा चुकीच्या ठिकाणीही चालला. संशोधनात बनवाबनवी केल्याचा आरोप झालेल्या थेरेझा इमानिशी-कारी यांच्या प्रयोगांच्या वह्या त्यांनी थेट सीक्रेट सर्व्हिसकडून, म्हणजे बनावट नोटा पकडणाऱ्या सरकारी यंत्रणेकडून, तपासून घेतल्या. 1996 मध्ये अपील मंडळाने इमानिशी-कारींना निर्दोष ठरवलं.

2007 मध्ये समितीचं अध्यक्षपद परत मिळालं, पण हवामान कायद्याची घाई असलेल्या सहकाऱ्यांना डेट्रॉइटचा हा पहारेकरी नकोसा झाला होता. नोव्हेंबर 2008 मध्ये पक्षाच्या गुप्त मतदानात हेन्री वॅक्समन यांनी त्यांना 137 विरुद्ध 122 असं हरवलं. ज्येष्ठता कामी आली नाही.

वडिलांनी 1943 मध्ये मांडलेलं राष्ट्रीय आरोग्य विम्याचं विधेयक मात्र ते दर नव्या काँग्रेसमध्ये, म्हणजे दर दोन वर्षांनी, मांडत राहिले. 1965 मध्ये मेडिकेअर ही ज्येष्ठांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना मंजूर होताना सभागृहाच्या अध्यक्षस्थानी बसून त्यांनी वापरलेला हातोडा मार्च 2010 मध्ये ओबामांच्या आरोग्य कायद्याच्या वेळी तेव्हाच्या सभापती नॅन्सी पलोसींच्या हातात होता.