बेकरी पदार्थांतील फळांचा व भाज्यांचा चोथा

फळांचा रस वा गर काढल्यावर साल आणि चोथा उरतो, भाज्या निवडताना देठ आणि टरफले निघतात. हा उरलेला भाग वाळवून, दळून मैद्यात मिसळला की बिस्किटे, केक आणि पाव यांतील आहारतंतू, म्हणजे पोटात न पचणारा तंतुमय भाग, वाढतात. गव्हाचा मैदा होताना कोंड्याबरोबर बहुतेक तंतू निघून जातात. त्यांची भरपाई करण्याचा हा एक मार्ग आहे. प्रौढ माणसाच्या आहारात रोज किमान २५ ग्रॅम तंतू असावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

सफरचंदाचा चोथा, आंब्याची साल, संत्र्या-मोसंबीची साल आणि गाजराचा चोथा यांवर या दृष्टीने बरेच काम झाले आहे. गव्हाच्या कोंड्यात मुख्यतः न विरघळणारे तंतू असतात. फळांच्या चोथ्यात त्यांच्या जोडीला पेक्टिनसारखे विरघळणारे तंतूही चांगल्या प्रमाणात मिळतात, आणि कोंड्यापेक्षा तो सरस ठरतो तो इथेच. दोडक्याच्या शिरांची चटणी करणाऱ्या मराठी घराला सालीचे मोल नव्याने सांगायला नको.

कणकेत मात्र हे तंतू बरीच उलथापालथ करतात. ते पाणी धरून ठेवतात, त्यामुळे मळायला पाणी जास्त लागते. मैद्याचा वाटा घटल्याने ग्लुटेन, म्हणजे कणकेला चिवटपणा देणारे गव्हातील प्रथिनांचे जाळे, विरळ होते, शिवाय तंतूंचे कण त्याच्या जाळीत अडथळा आणतात. मग यीस्टने तयार केलेला वायू जाळीत टिकत नाही आणि पाव बसका, घट्ट होतो. बिस्किटाला फुगण्याची तेवढी गरज नसते, म्हणून ते चोथा जास्त सहज सामावून घेते. सुरुवात बिस्किटापासून करावी ती याच कारणाने.

मैसूरच्या केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील दोन अभ्यासांत हे आकड्यांत दिसते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातील सफरचंदाच्या वाळवलेल्या चोथ्यात सुमारे ५१ टक्के आहारतंतू होते. मैद्यात तो १५ टक्के मिसळल्यावर पाणी शोषण्याचे प्रमाण ६०.१ वरून ७०.६ टक्क्यांवर गेले. केकमध्ये चोथा ३० टक्क्यांपर्यंत नेल्यावर त्याचे आकारमान ८५० वरून ६२० घन सेंटिमीटरवर उतरले. मात्र २५ टक्के चोथ्याच्या केकमध्ये १४.२ टक्के तंतू मिळाले, आणि फळाचा स्वाद आपोआप आल्याने वेगळा स्वादार्क घालण्याची गरज राहिली नाही. २००८ च्या अभ्यासात आंब्याच्या सालीची भुकटी २० टक्के घातल्यावर बिस्किटांतील तंतू ६.५ वरून २०.७ टक्क्यांवर गेले, पण चवीला पसंत पडण्याची मर्यादा १० टक्क्यांवरच आली. तंतू किती वाढवता येतात यापेक्षा ही मर्यादा जास्त महत्त्वाची, कारण पुडा पुन्हा विकत घेतला जातो तो चवीमुळे.

लिंबूवर्गीय सालींत नारिंजीन आणि लिमोनिन ही कडू द्रव्ये असतात. ती कमी करण्यासाठी साल गरम पाण्यात बुडवून, धुऊन घेतात. त्यात थोडे विरघळणारे तंतूही वाहून जातात. भुकटी जाड राहिली तर बिस्कीट दाताखाली कचकचते, म्हणून ती बारीक चाळणीतून काढावी लागते.

सर्वांत अवघड काम भट्टीच्या आधीचे आहे. ओला चोथा बहुतांश पाणीच असतो आणि उन्हाळ्यात काही तासांतच आंबू लागतो. त्यामुळे वाळवणी रस किंवा गर काढण्याच्या कारखान्यालगतच व्हायला हवी, आणि तिला इंधन लागते. कीटकनाशकांचे अंश सालीवरच जास्त साठतात. सडक्या सफरचंदांतून पॅट्युलिन हे बुरशीचे विष चोथ्यात उतरू शकते. म्हणून फळ निवडून, धुऊन घेणे आणि भुकटीची तपासणी करणे टाळता येत नाही. कोकणातील आमरसाच्या कारखान्यांतून निघणाऱ्या सालींना हेच लागू पडते. तिथे हंगाम जेमतेम उन्हाळ्यापुरता असतो, त्यामुळे आंब्यासाठी घेतलेले वाळवणी यंत्र वर्षभर चालवायचे तर त्याला इतर हंगामांतला दुसरा माल जोडावा लागतो.