कालविभेदित प्रतिदीप्ती प्रतिमांकन

कालविभेदित प्रतिदीप्ती प्रतिमांकन : प्रकाशाचा झोत थांबल्यावर पदार्थ किती काळ चमकत राहतो हे बिंदूबिंदूला मोजून त्या काळाचे चित्र काढण्याची पद्धत. प्रतिदीप्ती म्हणजे फ्लुओरेसन्स; चमक ओसरण्याच्या वेळाला क्षयकाल म्हणतात. बहुतेक सेंद्रिय रंगद्रव्यांचा क्षयकाल काही नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जांश), तर प्लॅटिनम पॉर्फिरिनसारख्या धातुसंयुगांचा मायक्रोसेकंदांत (सेकंदाच्या दशलक्षांशांत) असतो. (काटेकोरपणे ही दुसरी चमक स्फुरदीप्ती म्हणजे फॉस्फोरेसन्स होय, संवेदकांच्या म्हणजे सेन्सरच्या व्यवहारात दोन्ही एकत्रच येतात.) कोकणात काही रात्री निळसर चमकणाऱ्या लाटा दिसतात, पण तो नॉक्टिल्युका या सूक्ष्मजीवातील रासायनिक क्रियेचा प्रकाश आहे, प्रतिदीप्ती नव्हे.

चमकणाऱ्या रंगद्रव्यावर ऑक्सिजनचा रेणू आदळला की तो त्याची ऊर्जा काढून घेतो आणि चमक लवकर विझते. हे शमन. ऑक्सिजन नसतानाच्या क्षयकालाला प्रत्यक्ष क्षयकालाने भागले, तर येणारे गुणोत्तर ऑक्सिजनच्या प्रमाणाबरोबर वाढत जाते, असे ओटो स्टर्न व माक्स फोल्मर यांचे १९१९ मधील समीकरण सांगते.

तेजाऐवजी वेळ का मोजायचा, हे कोकणच्या खाड्यांत चांगले कळते. पावसाळ्यात सावित्री, वाशिष्ठी, वाघोटन या नद्या गाळ घेऊन उतरतात. गढूळ पाण्यात प्रकाश मंदावतो, रंगद्रव्य लावलेल्या संवेदकावर शेवाळ धरते, रंगद्रव्य उन्हाने फिकट होते. तेज मोजणारे उपकरण हे सारे ऑक्सिजनच्या खाती टाकते. क्षयकालावर यांचा परिणाम फार कमी होतो. शेवाळातले हरितद्रव्यही तांबडेच चमकते, पण काही नॅनोसेकंदांत विझते. म्हणून झोत बंद झाल्यावर एक-दोन मायक्रोसेकंद थांबून कॅमेरा उघडला, की उरतो तो फक्त संवेदकाचा प्रकाश. लागोपाठच्या दोन सारख्या अवधींत तो टिपला, तर दोन चित्रांच्या गुणोत्तरावरून प्रत्येक बिंदूचा क्षयकाल निघतो. सूक्ष्मदर्शकाखाली लेसर वापरून एकेक फोटॉन मोजतात. ते अधिक अचूक, पण खाडीकाठी नेण्याजोगे नाही.

या पद्धतीचे खरे चीज चिखलात होते. पॉलिस्टायरिन या प्लॅस्टिकच्या पातळ थरात रंगद्रव्य मिसळून तो काचेवर पसरतात आणि काच चिखलाच्या उभ्या छेदाला टेकवतात. खाडीच्या बारीक चिखलात ऑक्सिजन वरून जेमतेम काही मिलिमीटर शिरतो, मात्र खेकड्यांच्या बिळांच्या कडेने आणि तिवराच्या मुळांभोवती तो खोलवरही सापडतो, आणि भरती-ओहोटीबरोबर बदलतो. विंकलरच्या १८८८ मधील अनुमापन (टायट्रेशन) पद्धतीने बाटलीभर पाण्याचा एक आकडा मिळतो. त्या सरासरीत ही सारी विविधता हरवते, आणि कांदळवनाच्या चिखलातले जीवन तर तिच्यावरच उभे आहे.

उघड्या समुद्रात चित्राची गरज नाही. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगत खोलातले अत्यंत कमी ऑक्सिजनचे पाणी वर येते. गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्याचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. तेथे क्षयकालावरच चालणारा एकबिंदू संवेदक दोरीने खाली सोडणे पुरते.

रंगद्रव्य बदलून याच रीतीने आम्लता व तापमानही मोजता येते. तापमानाकडे मात्र दुर्लक्ष चालत नाही: उष्णता वाढली की क्षयकाल आपोआप घटतो. वीस अंशांना प्रमाणित केलेला थर तीस अंशांच्या खाडीत ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो, म्हणून प्रमाणीकरण तेथल्याच तापमानाला आणि तेथल्याच पाण्यात करावे लागते.