टेप तीच, मग वाक्य बदललं कसं?

एखादी ऑडिओ क्लिप व्हायरल झाली की कुणीतरी लिहितंच, ‘आवाज साफ करून घ्या, सगळं बाहेर येईल.’ आवाज साफ करता येतो, पण सगळं का बाहेर येत नाही ते कळायला फ्रान्सिस फोर्ड कोपोलाचा 1974 सालचा ‘द कॉन्व्हर्सेशन’ पाहावा. (शेवट सांगणार आहे.)

हॅरी कॉल हा चोरून आवाज टिपण्यातला उस्ताद. सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये, भर गर्दीत फिरणाऱ्या जोडप्याचं बोलणं तो तीन माइकवर पकडतो. एकाही टेपवर ते धड लागत नाही. तिन्ही टेप एकत्र चालवल्या की मात्र शब्द उमटू लागतात.

हे गणित मला फार आवडतं. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. एक माइक दुसऱ्यापेक्षा 34 मीटर लांब असेल, तर त्याच्यापर्यंत आवाज एक दशांश सेकंद उशिरा पोचतो. टेप तेवढी सरकवली की लहरींची शिखरं एकमेकांवर बसतात. तीन सारख्या लहरींची बेरीज तिप्पट उंच, म्हणजे ऊर्जा नऊपट. गोंगाट प्रत्येक माइकपाशी वेगळा. त्याची शिखरं जुळत नाहीत, ऊर्जा तिप्पटच होते. म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत बोलणं तिपटीने वर आलं! पण 1000 हर्ट्झच्या स्वराचं एक आंदोलन, म्हणजे लहरीचं एक शिखर आणि एक दरी, एका मिलिसेकंदात पुरं होतं. जुळणी अर्ध्या मिलिसेकंदाने चुकली तर शिखरावर दरी येते आणि तो स्वर खोडला जातो.

पुढचं काम मेंदूचं. 1970 मध्ये रिचर्ड वॉरन यांनी वाक्यातला एक ध्वनी कापून तिथे खोकला घातला. जवळजवळ सगळ्या श्रोत्यांना शब्द अखंडच ऐकू आला. कोऱ्या टेपच्या खरखरीत मृतांचे आवाज ऐकू येतात म्हणणाऱ्यांचा मेंदूही अशीच भर घालतो. भुताखेतांचा तिथे काही संबंध नाही.

हॅरीच्या जुन्या एका टेपपायी तिघांचे खून झालेले असतात. ती टोचणी घेऊनच तो जोडप्याच्या बोलण्यातलं हे वाक्य ऐकतो: ‘संधी मिळाली तर तो आपल्याला मारून टाकेल.’ त्याला जोर ‘मारून’वर ऐकू येतो आणि जोडप्याची काळजी वाटते. शेवटी जोर ‘आपल्याला’वर येतो, म्हणजे ‘तो आपल्याला मारेल, त्याआधी आपणच त्याला मारू’, आणि कळतं की खून ते जोडपंच करणार होतं. ध्वनिसंकलक वॉल्टर मर्च यांनी त्या जागी नटाने वेगळ्या जोराने म्हटलेला तुकडा लावला, कारण हॅरीला आता ते तसंच ऐकू येतंय.