अंगणातलं सागवान आणि दिवाळीचं पॉलिश

कोल्हापुरात लाकडाला पॉलिश मारायचा मुहूर्त ठरलेला असतो: दिवाळीच्या आधी. ही सवय वाड्याच्या सोप्यातली आहे. तिथले खांब, तुळया, झोपाळ्याची फळी कौलांखाली असायची. पाऊस लागला तरी फार तर शिंतोडे. घराला रंग काढला की लाकडावरूनही हात फिरायचा, आणि ते पुरायचं. तोच झोपाळा अंगणात किंवा गच्चीवर टांगला की हा मुहूर्त चुकतो. परतीचा पाऊस नुकताच सरलेला असतो, लाकूड वरून कोरडं दिसतं पण आतून ओलं असतं. त्यावर थर चढवला की ओल कोंडते आणि महिन्या-दोन महिन्यांत पापुद्रे सुटतात.

उघड्यावर टिकणारं लाकूड म्हणून सागाचं नाव झालं ते जहाजांमुळे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने मलबारच्या सागाची जहाजं बांधली. त्यातलं 1817 साली पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. सागात मुळातच तेल असतं. त्यामुळे पाणी सहज मुरत नाही, वाळवीला ते लाकूड नको असतं, आणि ओकमध्ये जसे लोखंडी खिळे गंजतात तसे सागात लवकर गंजत नाहीत. पुढे जुनी लढाऊ जहाजं मोडीत निघाली, तेव्हा त्यांच्या फळ्यांतून इंग्लंडात बागेतली बाकं तयार झाली. बागेत सागवानी बाक ठेवायची पद्धत या मोडीच्या लाकडाने रुजवली.

पण हे सगळे गुण गाभ्याच्या लाकडाचे. ब्रह्मदेशात उभ्या झाडाची साल आणि बाहेरचं पांढरं लाकूड गोल कापून झाड सुमारे तीन वर्षं जागेवरच वाळू देत. ओंडके नदीतून वाहून न्यायचे आणि ओला साग पाण्यावर तरंगत नाही, म्हणून. असं लाकूड हाती येईपर्यंत बरंच मुरलेलं असे. भारतात सागाची मोठी लागवड 1840च्या दशकात केरळमधल्या निलंबूरला सुरू झाली. आज बाजारात मिळणारा बराचसा साग लागवडीचा आणि कमी वयाचा असतो. त्यात गाभा कमी, पांढरा भाग जास्त. पांढऱ्या भागात तेल नसतं. कीड आणि बुरशी तिथूनच शिरतात. बाक घेताना पॉलिशची चकाकी बघू नका, फळी उलटी करून पांढरे पट्टे शोधा.

पॉलिशचंही तसंच. लाखेचं पॉलिश घरात देखणं, पण पाण्याने त्यावर पांढरे डाग उमटतात. व्हार्निश कडक बसतं. लाकूड पावसाळ्यात फुगतं, एप्रिलच्या उन्हात आकसतं, आणि थर तडकतो. एकदा चीर पडली की पाणी आत जातं, बाहेर येत नाही. म्हणून उघड्यावर आम्ही तेलाच्या बाजूने. करंजाचं तेल नको, ते सुकत नाही आणि धूळ धरतं. जवसाचं उकळलेलं तेल सुकतं, पण जाड लावलं तर बुरशीला खाद्य होतं आणि श्रावणात बाक काळं पडतं.

आता वेळ. दिवाळीला फक्त धुवायचं: दहा लिटर पाण्यात मूठभर साबणाची पूड, मऊ ब्रश, रेषांच्या दिशेने. जोराच्या फवाऱ्याने धुऊ नका, मऊ रेषा खरवडून निघतात आणि खाचा पडतात. काळे डाग राहिलेच तर लिटरभर पाण्यात 60 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड, हातमोजे घालून, दहा मिनिटं; मग भरपूर पाणी. हे विषारी आहे, मुलं-जनावरं लांब ठेवा. उसाच्या हंगामात पाला पेटला की काजळी येऊन बसते. ती आधी कोरड्या ब्रशने झाडा, ओल्या फडक्याने ती लाकडात चोळली जाते.

तेल फेब्रुवारी-मार्चमध्ये, लाकूड ठणठणीत वाळल्यावर. आधी 120 आणि मग 180 नंबरचा पॉलिश पेपर. त्याहून गुळगुळीत केलं तर तेल मुरत नाही. पहिला हात तेल आणि टर्पेंटाइन निम्मेनिम्मे. वीस मिनिटांनी वर उरलेलं सगळं पुसून घ्या. दुसरा पातळ हात किमान एका दिवसानंतर, पहिला सुकल्यावर. उघड्यावरच्या सागाला येणारा राखाडी रंग मात्र रोग नाही. उन्हाने वरचा थर झिजतो, पावसाने धुऊन जातो, आतलं लाकूड शाबूत असतं. तो रंग आवडत असेल तर तेल न लावलं तरी चालतं.

सर्वांत आधी कुजतात ते पाय, कारण कापलेल्या टोकातून पाणी नळीसारखं वर चढतं. पायाची टोकं वाटीभर तेलात पाच-दहा मिनिटं बुडवा आणि खाली फरशीचा तुकडा द्या; मातीवर किंवा हिरवळीवर पाय टेकू देऊ नका. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे. पावसाळ्यात प्लास्टिकचा कागद गुंडाळू नका, आत घाम धरतो. वर पत्र्याचा आडोसा आणि चारी बाजूंनी वारा हवा.

तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी बाहेर मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.