ग्राफ लायब्रऱ्यांमधलं एक्सेप्शन : चूक नसताना थ्रो कशाला?

सिंहस्थात पर्वणीला रामकुंडाकडचे रस्ते गाड्यांना बंद असतात. नाशकात कुणी रूट शोधायचा प्रोग्रॅम लिहिला असेल तर त्या दिवशी सीबीएस बसस्थानकाहून रामकुंडापर्यंत गाडीचा पाथच निघणार नाही, मग एक्सेप्शन फेकायचं (थ्रो, म्हणजे चालू काम तिथंच तोडून अडचणीचा इशारा बाहेर पाठवायचा, तो पकडणं म्हणजे कॅच) की सरळ ‘नाही’ म्हणायचं? ग्राफच्या, म्हणजे ठिकाणं (व्हर्टेक्स किंवा नोड) आणि त्यांना जोडणारे रस्ते (एज) अशा जाळ्याच्या, लायब्रऱ्यांत हा वाद जुनाच आहे.

१९६० च्या दशकात पीएल/वन या प्रोग्रॅमिंग भाषेत ऑन-कंडिशन होत्या, एक्सेप्शनचंच जुनं रूप, मग सीएलयू, एडा वगैरे भाषा. ग्राफवाल्यांचा संबंध खरा येतो तो सी प्लस प्लसशी. १९९८ च्या स्टँडर्डनंतर लवकरच बूस्ट या लायब्रऱ्यांच्या संचात ग्राफ लायब्ररी आली. डायक्स्ट्राला (सगळ्यात जवळचा रस्ता शोधणारी पद्धत) निगेटिव्ह वजनाची, म्हणजे अंतराची, एज दिसली की थ्रो, टोपोलॉजिकल सॉर्टला (आधी काय, मग काय असा क्रम लावणारी पद्धत) सायकल, म्हणजे फिरून त्याच जागी येणारी वाट, सापडली की थ्रो, इथवर कुणाची तक्रार नाही, इनपुटच चुकलेला असतो. पण त्याच लायब्ररीत बेलमन-फोर्डला (निगेटिव्ह वजनं चालणारी रस्ता शोधायची पद्धत) एकूण वजन निगेटिव्ह असलेली सायकल सापडली तर तो नुसता फॉल्स, म्हणजे ‘नाही’, परत करतो!

खरा गुंता बीएफएसचा, म्हणजे जवळच्या ठिकाणांपासून थराथराने शोधत जाणाऱ्या पद्धतीचा. एकदा सुरू केला की पोचता येतील तेवढे सगळे व्हर्टेक्स फिरल्याशिवाय तो थांबत नाही, व्हिजिटरचे (शोधाच्या टप्प्याटप्प्याला बोलावला जाणारा आपला कोड) फंक्शन काही परत देत नाहीत, मधेच बाहेर कसं पडायचं? लायब्ररीच्याच प्रश्नोत्तरांत सल्ला आहे की हवं ते सापडलं की व्हिजिटरमधून थ्रो करा आणि बाहेर कॅच करा. म्हणजे काम फत्ते झालं म्हणून एक्सेप्शन! बाजू घेणारे म्हणतात, थ्रो होईपर्यंत खर्च जवळपास शून्य, दर व्हर्टेक्सला ‘थांबायचं का’ हा फ्लॅग तपासायला नको. खरंय, पण हजारो जोड्यांसाठी लूपमध्ये शोध चालवला की प्रत्येक थ्रोला स्टॅक (अर्धवट राहिलेल्या फंक्शनांची रास) उलगडायचा खर्च बसतो, कॅच राहून गेला तर प्रोग्रॅमच बंद पडतो, आणि एक्सेप्शन बंद करून कंपाइल करणाऱ्यांना तर ही वाटच नाही. डीएफएस-व्हिजिटला (एकेक वाट खोलवर शोधणारी पद्धत) टर्मिनेटर, म्हणजे पुढे जायचं की नाही ते सांगणारं, फंक्शन देता येतं, मग बीएफएसलाच का नाही? मला हा निर्णय आजही पटत नाही.

पायथनच्या नेटवर्कएक्स या ग्राफ लायब्ररीत पाथ नसला की थ्रो, एवढंच काय, सायकल शोधायला सांगितली आणि नाही सापडली तरी थ्रो. जावाच्या जेग्राफटीत पाथ नसेल तर नल, म्हणजे रिकामी व्हॅल्यू, मिळतो. आता सी प्लस प्लस २३ मध्ये एक्सपेक्टेड आलंय, उत्तर किंवा कारण एकाच व्हॅल्यूत, ग्राफसाठी हेच बरं, कारण रस्ता नसणं हेही उत्तरच आहे.

लायब्रऱ्यांत असं येईपर्यंत नेटवर्कएक्स वापरणाऱ्यांनी नोपाथ (रस्ता नाही) आणि नोडनॉटफाउंड (ठिकाणच नाही) ही एक्सेप्शन वेगवेगळी पकडा. दोघांचं मूळ एक्सेप्शन एकच आहे, ते मूळच पकडलंत तर ‘रामकुंड’चं स्पेलिंग चुकलं तरी स्क्रीनवर रस्ता बंद असंच दिसेल.