नांदेड–अमृतसर हवाई अंतर

नांदेडचा श्री गुरु गोबिंदसिंगजी विमानतळ आणि अमृतसरचा श्री गुरु रामदासजी आंतरराष्ट्रीय विमानतळ यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे १,४१० किमी आहे. थेट विमान हवेत साधारण दोन तास असते. धावपट्टीपर्यंतची वाटचाल आणि उतरण्यासाठी मिळणारी प्रतीक्षा धरली, तर हा वेळ सव्वादोन ते अडीच तासांवर जातो.

अंतराचा हिशेब कागदावर करता येतो. नांदेड सुमारे १९.२ उत्तर अक्षांशावर आहे आणि अमृतसर ३१.७ वर. एका अक्षांशाला १११ किमी धरले, तर साडेबारा अंशांचे जवळजवळ १,३९० किमी होतात. रेखांशांतला फरक जेमतेम अडीच अंशांचा, म्हणजे या पट्ट्यात अडीचशे किमी. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की उत्तर मिळते. नकाशावर ही रेघ अकोल्यावरून, उज्जैन आणि भोपाळच्या मधून, जयपूरजवळून जाते. प्रत्यक्षात विमान ठरलेल्या हवाई मार्गांनी जाते, म्हणून थोडे अधिक उडते. प्रवास जवळपास दक्षिणोत्तर असल्याने हिवाळ्यातले उंचावरचे जोरदार पश्चिमी वारे बाजूने येतात. जाण्या-येण्याच्या वेळेत त्यामुळे फारसा फरक पडत नाही. खरा अडथळा डिसेंबर-जानेवारीतल्या पंजाबी धुक्याचा.

या अंतराला महत्त्व आहे ते श्रद्धेमुळे. शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, अकाल तख्त अमृतसरला, तर तख्त सचखंड श्री हजूर साहिब नांदेडला गोदावरीकाठी आहे. गुरु रामदासांनी अमृतसर वसवले. गुरु गोबिंदसिंगांनी १७०८ मध्ये नांदेडला देह ठेवला. विमानतळांची नावे त्यावरूनच आली. २००८ मधील गुरुता गद्दीच्या, म्हणजे गुरु ग्रंथसाहिबाला गुरुपद मिळाल्याच्या, त्रिशताब्दीनिमित्त नांदेडचा विमानतळ नव्याने बांधला गेला, आणि डिसेंबर २०१७ मध्ये अमृतसरसाठी थेट सेवा सुरू झाली. ती अखंड राहिलेली नाही. थेट विमान नसेल आणि हैदराबादमार्गे जावे लागले, तर उत्तरेला जाण्यासाठी आधी दक्षिणेला सुमारे २४५ किमी जावे लागते आणि एकूण हवाई अंतर १,९०० किमीच्या आसपास जाते. मराठवाड्याच्या प्रवाशावर हा अन्याय आहे, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

बहुसंख्य यात्रेकरूंचा आधार मात्र सचखंड एक्सप्रेसच. ही गाडी नांदेडहून पूर्णा, परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर करत आधी पश्चिमेला मनमाड गाठते, मग भुसावळ, इटारसी, भोपाळ, दिल्लीवरून अमृतसरला पोहोचते. या वळशामुळे लोहमार्गाचे अंतर दोन हजार किमीच्या पुढे जाते आणि प्रवासाला दीड दिवस लागतो. वाटेतल्या काही स्थानकांवर गुरुद्वारांचे सेवेकरी डब्याडब्यांतून लंगर वाढतात. जुने प्रवासी त्यासाठी घरून ताट-वाटी बरोबर घेऊनच निघतात.