पर्यावरण पत्रकारिता आणि वृत्तस्वातंत्र्य

हवामानबदल, प्रदूषण आणि जैवविविधतेचा ऱ्हास यांविषयीची माहिती निर्भयपणे मिळवून लोकांपुढे मांडता येणे, हा वृत्तस्वातंत्र्याचा उशिरा दखल घेतला गेलेला भाग. आफ्रिकी पत्रकारांनी मुक्त वृत्तपत्रांसाठी काढलेल्या विंडहूक जाहीरनाम्याच्या (१९९१) स्मरणार्थ ३ मे रोजी पाळल्या जाणाऱ्या जागतिक वृत्तपत्रस्वातंत्र्य दिनाचा २०२४ मधील विषय हाच होता. मुख्य परिषद चिलीतील सँटियागो येथे भरली.

त्या वेळच्या युनेस्कोच्या अहवालात २००९ ते २०२३ या काळात पर्यावरणाच्या बातम्या देणारे पत्रकार आणि माध्यमे यांच्यावर झालेल्या ७४९ हल्ल्यांची नोंद आहे. ४४ पत्रकार मारले गेले. दोषींना शिक्षा झाली ती फक्त ५ प्रकरणांत. धोका सर्वाधिक स्थानिक बातमीदाराला असतो. खाण, वाळूउपसा, जंगलतोड हे सारे राजधानीपासून दूर चालते, आणि ज्याच्याविरुद्ध बातमी तोच बहुधा परिसरातला मोठा जाहिरातदार किंवा रोजगारदाता असतो. कुठल्याही संस्थेच्या नोकरीत नसलेल्या मुक्त पत्रकारामागे तर वकील नाही की विमा नाही. २०२२ मध्ये ब्राझीलच्या जावरी खोऱ्यात मारले गेलेले ब्रिटिश बातमीदार डॉम फिलिप्स मुक्त पत्रकारच होते.

गळचेपी न्यायालयातूनही होते. आयव्हरी कोस्टमधील आबिजान शहरात २००६ मध्ये ‘प्रोबो कोआला’ जहाजावरील विषारी कचरा टाकला गेला. त्यासंबंधीचा अहवाल छापू नये म्हणून ते जहाज भाड्याने घेतलेल्या ट्रॅफिगुरा कंपनीने २००९ मध्ये लंडनमध्ये मनाई हुकूम मिळवला. हुकूम इतका व्यापक होता, की ‘द गार्डियन’ला त्यावरील संसदेतल्या प्रश्नाची बातमीही देता येईना. गदारोळ झाल्यावर कंपनीने माघार घेतली. अशा दाव्यांत निकालापेक्षा खर्च आणि काळ हेच हत्यार असते. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशाने उघड निराधार दावे सुरुवातीलाच फेटाळण्याची सोय केली खरी, पण ती सीमापार दिवाणी दाव्यांपुरतीच.

बातमी कोर्टात टिकायची तर पुरावा पक्का हवा. नदीप्रदूषणाच्या बातमीत सांडपाण्याच्या तोंडापाशी भरलेली एकच बाटली निरुपयोगी. वरच्या अंगाचा नमुना नसेल तर ‘पाणी आधीच घाण होते’ हे उत्तर तयार असते. म्हणून वरचा, तोंडापाशीचा आणि खालचा असे नमुने घेतात. सोबत जागेवर शुद्ध पाण्याने भरलेली कोरी बाटलीही ठेवतात. तिच्यात धातू आढळले तर दोष हाताळणीचा. धातूंच्या चाचणीसाठी नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणतात, सेंद्रिय भार (पाण्यातील कुजणाऱ्या पदार्थांचे प्रमाण) मोजायचा तर नमुना सुमारे ४ अंश सेल्सिअसला थंड ठेवतात. बाटली कोणाकडून कोणाकडे गेली याची सही-वेळेसह नोंद लागते; बचावपक्ष पहिला घाव तिथेच घालतो. लिटरमागे मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांची गल्लत म्हणजे हजारपटींची चूक, आणि कंपनीच्या एका खुलाशाने बातम्यांची सगळी मालिका बुडते.

काही नुकसान पत्रकारितेने स्वतःच केले. १९८८ ते २००२ मधील अमेरिकी दैनिकांतल्या ६३६ लेखांच्या अभ्यासात निम्म्याहून अधिक लेखांनी तापमानवाढीला मानव कारणीभूत आहे आणि नाही, या दोन्ही बाजूंना जवळपास सारखी जागा दिलेली आढळली. शास्त्रज्ञांत तसा समसमान मतभेद नव्हता.

पर्यावरणविषयक माहितीच्या हक्काला मुख्यतः युरोपातील आर्हुस करार (१९९८) आणि लॅटिन अमेरिकेतील एस्काझू करार (२०१८) यांचा आधार आहे. पहिल्यात सरकारी उत्तराची मुदत एक महिना, दुसऱ्यात ३० कामकाजाचे दिवस. दोन्ही वाढवता येतात. मेलेले मासे तोवर वाहून जातात. त्यामुळे जाणते बातमीदार परवान्याच्या अटी आणि मागील वर्षाच्या तपासणी नोंदी काही घडण्याआधीच मागवून ठेवतात.